उपासाला दूध चालतं

सुभेदार आज सकाळी गेला.

माझ्यामुळे गेला.

नातेवाइकांना वाटतं आईच्या हातून चूक झाली. आईसुद्धा सकाळपासून तेच म्हणून राह्यली. म्हणून हे लिहिते आहे. लांबलं तर लांबू द्या.

सुभेदार म्हणजे आमचा बोका. नऊ वर्षांचा, पिवळा, एक कान फाटलेला.

कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आईनं त्याला पिशवीत घालून एसटीनं जालन्याला आणला होता. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पिशवीत काय ओरडतंय?"

आई म्हणाली, "मेथी हाय."

रोज सकाळी कॉलनीतल्या सगळ्या कंपाउंडवरून ऐटीत फिरून यायचा, जसं काही वसुलीला निघालाय. म्हणून सुभेदार. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. तिसरा तो.

दिवाळीनंतर त्याच्या तोंडाचा वास यायला लागला. मान वाकडी करून खायचा, अर्धा घास खाली पाडायचा. डॉक्टरांकडे नेलं.

"ताई, हिरड्या सडल्यात. चार दात काढावे लागतील. पूर्ण भूल देऊन."

"पूर्ण कशाला? नुसती हिरडी बधिर करा ना."

"तो आ करून बसणारे का?"

मंग त्यांनी फॉर्म पुढे केला. 'भूल दिल्यावर जनावर दगावल्यास...' पुढचं मी वाचलंच नाही. पेन तिथंच थांबलं.

डॉक्टर समजूतदार माणूस. म्हणाले, "रक्ताचे रिपोर्ट बराबर आहेत. धोका बिलकुल नाही असं मी म्हणणार नाही. पण दात असेच ठेवले तर तो धोका याच्यापेक्षा मोठा आहे."

सही केली. पण डोक्यातून जाईना.

ऑफिसात समोर फाईल उघडी आणि हातात मोबाईल. भुलीतून न उठलेल्या मांजरांच्या गोष्टी वाचत बसले. उठलेल्यांबद्दल कुणी लिहीतच नाही हो. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, रात्री दहानंतर काही द्यायचं नाही, एकदम उपाशीपोटी आणायचं.

घरी येऊन मी आईला गमतीत म्हणाले, "आई, उद्या सुभेदारचा उपास आहे बरं का."

एवढंच म्हणाले. वर शहाण्यासारखी हसले.

आई चाळीस वर्षं चतुर्थी आणि एकादशी करते. उपास म्हणजे काय, हे तिला मी शिकवणार होते का?

दुसऱ्या दिवशी टेबलावर सुभेदारला ठेवलं. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "काईच न्हाई. नुस्तं वाटीभर दूध. उपासाला चालतं की."

डॉक्टरांनी इंजेक्शन खाली ठेवलं. "आज नाही करता येणार. भुलीत उलटी झाली तर दूध फुप्फुसात जाईल. परवा आणा."

आईचा चेहरा एवढाएवढासा झाला.

आणि मी? दवाखान्याच्या दारात, चार लोकांदेखत तिच्यावर ओरडले. "तुला एवढंसुद्धा कळत नाही का गं?"

ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. रिक्षात सुभेदारची पेटी मांडीवर घेऊन बसली.

आता खरं सांगते. ओरडत होते तेव्हा मला आतून हायसं वाटत होतं. सुटले, असं वाटत होतं. आज तरी तो मरणार नाही, असं वाटत होतं.

तो परवाचा दिवस आला, पण मी त्याला नेलं नाही.

डॉक्टरांचा फोन आला. मी सांगितलं, "आईची तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात बघू." आई ठणठणीत होती. दुसऱ्यांदा फोन आला तो मी उचललाच नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी त्याला जरा आराम पडला. मऊ भात खायला लागला. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, ऑपरेशन न करताच बरा झाला!

दीड महिना.

मंग जबडा सुजला. पाणीसुद्धा बंद झालं. धावत नेला, तर डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांचा पू अंगात पसरून लिव्हर गेलंय ताई. आता भूल सोसणार नाही याला."

मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी आईच्या मांडीवर त्यानं जीव सोडला. मागच्या अंगणात पुरलं. आईनं मूठभर मीठ टाकलं आणि तिथंच मातीत बसली. "माझ्या दुधानं गेलं गं लेकरू."

तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तोंडावर बोलायची हिंमतच नव्हती.

म्हणून हे सगळं लिहिलं आणि पोस्ट करायच्या आधी तिला वाचून दाखवलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. तू डॉक्टरला खोटं बोल्लीस तवा मी तिथंच भाजी निवडून राह्यल्ते."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू लई भेल्तीस." तिनं पदराला लागलेली माती झटकली. "आन् मला बी तवा बरंच वाटल्तं. म्हन्लं, नेत न्हाई तर नगं नेऊ."

तिनं माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट केलं.

"एकटीचं नाव कशाला लिव्हतीस? माझं बी लिव्ह."

लिहिलं, आई.

सुभेदार, आम्ही दोघी भ्यालो आणि दुखणं तू काढलंस. माफ कर रे राजा.

जा सुखानं.