डोळे मिटून काढलेली वाट

नवऱ्याच्या नोकरीपायी टांझानियात आल्यापासून मी दुपारी इथल्या शाळेच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये जाऊन बसते. काल नीमा नावाची एक मुलगी माऊसवर हात ठेवून डोळे मिटून बसली होती. समोर पडद्यावर, कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या नकाशात, तिच्या गावाच्या जागी नुसता हिरवा रंग. गावाची वाट तिलाच भरायची होती.

"झोपलीस की काय गं?"

"नाही मॅडम, घरी चाललेय."

मनातलं वळण आलं की तिचं अंगही हलकेच कलायचं. मग डोळे उघडून ती तेवढीच रेघ ओढायची आणि पुन्हा मिटून घ्यायची. मधेच थांबली. म्हणाली, "इथे आंब्याची सावली आहे." खिडकीबाहेर लाल धूळ उन्हात तरंगत होती. वाटलं, प्रत्येक वाट आधी कुणाच्या तरी पावलांत असते. नकाशात ती फार उशिरा येते.

रेघ घराशी पोचली. "आता तुमचं गाव दाखवा," नीमा म्हणाली.

मी दाखवलं. नाव, रस्ते, ओढ्यावरचा पूल, सगळं जागच्या जागी होतं. मग मीही डोळे मिटून निघाले. पूल ओलांडला. तिथून आमच्या घराकडे डावीकडे वळायचं की उजवीकडे, काही केल्या आठवेना.