हटवारबाबूंचे तीन खिळे

कालव्याच्या ऑफिसात मी रुजू झालो त्याच दिवशी तिथे साप निघाला. आम्ही सगळे टेबलांवर चढलो. हटवारबाबू मात्र खुर्चीत बसून चिठ्ठी लिहीत होते : ‘साप हाकलणे.’ भिंतीवरच्या ‘बाकी’ नावाच्या खिळ्यावर त्यांनी ती खोचली, मग काढून ‘सुरू’च्या खिळ्यावर खोचली आणि तेव्हा कुठे काठी उचलली. तोवर साप कंटाळून निघून गेला होता.

तिसरा खिळा ‘झालं’चा. त्यावर ती चिठ्ठी काही गेली नाही. “तो आपल्या मनानं गेला. आपन कुठी हाकललं?” असं म्हणून बाबूंनी ती तीन वर्षं ‘सुरू’वरच ठेवली.

कालव्याचं दार उघडणं असो की साहेबांची छत्री शिवून आणणं, प्रत्येक कामाची चिठ्ठी आणि तिच्यावर करणाऱ्याचं नाव. “खिळ्यावर नाही तं काम नाही,” हे त्यांचं ब्रीद. आम्ही टिंगल करायचो. पण अगदी शेवटच्या शेतातल्या धानालाही पाणी वेळेवर मिळायचं ते या खिळ्यांमुळेच, हे कबूल केलं पाहिजे.

लेकीचं, शालूचं, लग्न ठरलं तेव्हा बाबूंनी घरीही तीन खिळे ठोकले. मांडव, वाजंत्री, बुंदी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या. लग्नाच्या सकाळी ‘बाकी’चा खिळा रिकामा. हात मागे बांधून बाबू त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, तेवढ्यात वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, माझा भाऊ कुठे आहे?

नवरीला मांडवात आणायचं ते मामाने. मामा दोन कोसांवर, करडीला. त्यांना घरी जाऊन आवतण दुसऱ्या कोणीतरी दिलंच असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं. त्यामुळे त्याची चिठ्ठीच निघाली नव्हती. मामाशिवाय मी मांडवात जाणार नाही, म्हणून शालू रडत बसली. मुहूर्ताला दीड तास उरला होता. बाबूंनी मला सायकल काढायला सांगितली आणि स्वतः आधी चिठ्ठी लिहिली : ‘मामांना आवतण देणे.’

मामा नवं धोतर नेसून, फेटा बांधून ओसरीवर फुगून बसले होते. बाबूंनी हात जोडून आवतण दिलं. मामा हलले नाहीत. बाबूंनी खिशातली चिठ्ठी दाखवली. मामांनी ती शांतपणे वाचून परत केली.

“आवतन झालं, जवाईबापू. रुसवा काढाचं कुठी लिवलं हाय?”

बाबूंचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. आता हा माणूस इथे खिळा मागतो, असं मला वाटलं. पण तो हात खाली आला आणि थेट मामांच्या पायांवर गेला. “चुकलो, भाऊ. पोरगी रडून राहिली. चला.”

आमच्याकडे बहिणीचा नवराही जावईच, आणि जावयाच्या पाया पडतात. जावई कोणाच्या पडत नाही. मामा असे दचकून उठले की बाबूंच्या आधी सायकलवर जाऊन बसले. दांडीवर बाबू, मागे मामा, असे आम्ही तिघे कसेबसे मुहूर्ताला पोचलो. मांडवात शिरताना मामा माझ्या कानाशी म्हणाले, “मी तं येनारच होतो. फेटा का घरी बसाले बांधला होता?”

बाबूंना जाऊन आता खूप वर्षं झाली. मामांचं ते बोलणं मी त्यांना कधी सांगितलं नाही. चिठ्ठीशिवाय केलेल्या त्या एका कामाचा, मामांचा रुसवा काढल्याचा, त्यांना फार अभिमान होता.