मूठ घ्यायची जागा

माझं गाव हिर्डोशी सोडलं त्या दिवशी शेतात भाताची आवणी चालू होती. बासरी पिशवीत खोचून मी बांधावरून एसटीकडे निघालो. वडील चिखलातूनच म्हणाले, "जातुयास तर जा. पर दुसऱ्याच्या बांधावरचं गवतबी कापू नगंस." त्यांच्या मागे माझ्या थोरल्या भावजय, अनसूयावहिनी, वाकून भात लावता लावता गात होत्या. मी थांबलो नाही, पण ती चाल कानात घेऊन गेलो.

मुंबईत एका संगीतकाराकडे बासरी वाजवू लागलो. आम्ही सगळे वादक त्यांना साहेब म्हणायचो. त्यांची सिनेमातली गाणी अजून लोकांच्या ओठांवर आहेत. मला त्यांचं पार्श्वसंगीत त्याहून मोठं वाटतं. पडद्यावर बाई रडू लागली की इतर लोक दहा व्हायोलिनं लावायचे. साहेब एकच सूर ठेवायचे आणि गप्प बसायचे. आणि सगळ्यांत मोठी त्यांची ती बिनशब्दांची तबकडी. नुसता पियानो, कुठल्याही सिनेमासाठी नव्हे, स्वतःसाठी वाजवलेला.

त्यातली तिसरी चाल वहिनींची. रेकॉर्डिंगच्या मधल्या वेळात मी ती बासरीवर वाजवत होतो. साहेबांनी विचारलं, "कुणाची रे ही?" मी म्हणालो, "माझीच." साहेब माणूस सरळ. तबकडीवर त्या चालीपुढे त्यांनी माझं नाव छापून घेतलं.

त्या चालीत मध्येच एक रिकामी जागा येते, पुन्हा पुन्हा येते. साहेब गेल्यावर पुण्यात त्यांच्या चाहत्यांनी कार्यक्रम ठेवला, तेव्हा एकाने मला त्या जागेचा अर्थ विचारला. मी मौन, ध्यान असलं काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. खरं म्हणजे हातातली रोपं संपली की लावणारी बाई चिखलात ठेवलेली रोपांची दुसरी मूठ उचलते, तेवढ्यापुरतं गाणं थांबतं.

यंदा गावी जाऊन वहिनींना मोबाईलवर ती चाल ऐकवली. ओटीवर बसल्या बसल्या त्यांची बोटं रोपं लावल्यासारखी हलू लागली.

"ही मी केली म्हणून छापलंय," मी म्हणालो.

"तुमी?" वहिनी हसल्या. "पायाला चिखल लागंल म्हणून बांधाबांधानं चालायचा तुमी, भावजी. कवा लावलंत भात?"

"चोरली, वहिनी. तुमची होती."

त्यांचं हसू गेलं. "माझी न्हाई, आयची. येल्ह्याकडनं लगीन हून आले तवा दुसरं काय व्हतं माझ्यापाशी? आय गेली, मंग तेवढंच म्हायेर राह्यलं." मोबाईल माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "येवढ्या लांब नेलंत. येक डाव इचारायचं तरी."

गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी हे वाचावं: तबकडीवरचं माझं नाव खोटं आहे. चाल वहिनींच्या आईची, सगुणाबाईंची.

शहरात घराची आठवण अनावर झाली की मी हीच तबकडी लावायचो. डोळे मिटले की एक खाचर दिसायचं, एक उंबरा दिसायचा, आणि मी त्याला हिर्डोशी समजायचो. पण चालीतलं ते घर वेल्ह्याकडचं, सगुणाबाईंचं. तिथून निघाल्या त्या वहिनी. मी तिथे कधी गेलेलोही नाही.