उत्तरं भरून ठेवलेली नसत्यात

कॉम्प्युटर म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असंल, आता हा गरिबीतनं शिकून अमेरिकेला कसा गेला ते ऐकवणार. न्हाय हो पावणं. माझ्या जर्नलवर सही का होत नव्हती, तेवढंच सांगतो.

बीएस्सीला असताना लॅबमधी एक सॉफ्टवेअर आलतं. आकडे न्हाईत, नुसतं एक्स-वाय टाकून डेरिव्हेटिव्ह मागितलं तरी सोडवून द्यायचं. सरांनी निष्कर्ष सांगितला, ‘संगणकात सर्व उत्तरे साठवलेली असतात.’ सगळ्यांनी उतरवून सही घेतली.

मी म्हटलं, "सर, मी न्हाय लिहिणार. खोटं हाय."

"मग सही नाही. सही नाही तर प्रॅक्टिकल परीक्षा नाही. कळलं का, कळलं का?"

मी एक्सचा एकशेसदतिसावा घात घेतला, त्याला साइन, कॉस, दिसंल ते चिकटवलं. एंटर मारला की उत्तर हजर. असलं येडंवाकडं गणित आधीच कोण भरून ठेवंल, कॉम्प्युटरचा मामा?

मग त्यातली एक कमांड घावली. दिलेल्या गणिताचे तुकडे पाडून दाखवणारी. आठवडाभर तेच करत बसलो आणि डोक्यात उजेड पडला.

पुढच्या तासाला सर यायच्या आधी तीन दोस्त उभे केले. गडमुडशिंगी गावचा झाला गुणाकार. त्याच्या हाताखाली दोघं: मंगळवार पेठेतला एक्स वर्ग, शिवाजी पेठेतला साइन एक्स. प्रत्येकाला फक्त आपापला नियम सांगितला.

मी सरांचा आवाज काढला, "एक्स वर्ग गुणिले साइन एक्स, डेरिव्हेटिव्ह सांगा! कळलं का, कळलं का?"

गुणाकार खालच्यांवर खेकसला, "बोला की लेको!"

"टू एक्स!"

"कॉस एक्स!"

गुणाकारानं एकाचं उत्तर दुसऱ्याला गुणून दोन्हींची बेरीज केली, "एक्स वर्ग कॉस एक्स, अधिक टू एक्स साइन एक्स!"

"बघा," मी त्याच आवाजात म्हटलं, "पाठ कुणालाच न्हाय. प्रत्येकाला आपलं काम तेवढं ठावं. कुठं साठवलंय उत्तर?"

कुणीच हसंना. वळून बघतो तर सर दारात.

सर आत आले. माझं जर्नल ओढलं, निष्कर्षाची रिकामी जागा बघितली, तिथं मला हवं ते लिहायला लावलं आणि खाली सही ठोकली. मग सुरू झाले.

"गाढवा, हे पहिल्याच दिवशी नीट सांगता येत नव्हतं? चाळीस जर्नलांवर मी सह्या करून बसलोय! हसतोस काय? जा, सगळ्यांची जर्नलं गोळा करून आण. आणि माझा आवाज पुन्हा काढलास तर लॅबमध्ये पाऊल टाकू देणार नाही!"