चार बोटांची दुमड

माझ्या आत्याला घरात सगळे ‘उद्याबाई’ म्हणत. हे नाव माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्याच धाकट्या भावाने ठेवलं होतं. घरात कात्र्या दोन, सुयांची पाकिटं तीन, आणि तरी हिचा जीव टांगणीला. सकाळच्या प्रार्थनेत ती प्रभूला येत्या दहा वर्षांच्या काळज्यांची यादीच वाचून दाखवते, असं वडील म्हणत.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं. शाळेचे गणवेश शिवायची. मुलींच्या फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवल्याशिवाय तिची कात्रीच चालत नसे. पोर वाढली की टाके उसवायचे, दुमड खाली सोडायची, झाली वर्षाची सोय. “पोरं काय तुम्हाला विचारून वाढतात?” असं ती गिऱ्हाइकांना दरडावायची.

मी आठ वर्षांची असताना माझ्या हृदयातलं भोक बुजवायचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर मोठ्यांशी काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही, पण आत्याचं बोलणंच आटलं. दवाखान्यातून घरी येताना घालायला तिने मला पिवळा फ्रॉक शिवला. अगदी मापात बसला. मी गिरकी घेतली आणि सवयीने घेर उलटून पाहिला. त्याच मशीनच्या खोलीत लहानाची मोठी होत होते, मला सगळं कळायचं.

“आत्या, याला दुमडच नाही! मग पुढच्या वर्षी मी काय घालू?”

आत्या मटकन स्टुलावर बसली. मला जवळ ओढून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून समोर कुणी उभं असावं तशी बोलायला लागली.

“प्रभू, चुकलं माझं. रोज सकाळी म्हणते, पोर तुझ्या हाती दिली. आणि कापड बेतताना तुला विचारलंसुद्धा नाही. हिचं पुढचं वर्ष मीच कापून टाकलं.”

ती खूप रडली. मग बाहीला नाक पुसून म्हणाली, “काढ तो फ्रॉक. आण इकडे.”

चिंध्यांच्या पिशवीतून पिवळे तुकडे शोधून तिने खाली पट्टी जोडली. जोड चांगलाच उठून दिसत होता. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण आत्या देवळातलं गाणं गुणगुणत चार बोटं दुमडून हाताने टाके घालत बसली, सैल, पटकन उसवता यावेत असे.

ऑपरेशनच्या सकाळी वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि उद्याबाई बाकावर बसून गणवेशांना बटणं लावत होती.

“ताई, तुला भीती नाही वाटत?” वडिलांनी विचारलं.

“वाटते ना. पण दुमड ठेवलीय मी,” ती म्हणाली.

हे मला वडिलांनी नंतर सांगितलं.

मी तोच फ्रॉक घालून घरी आले. पुढच्या वर्षी अर्धी दुमड सोडली, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेली. तिसऱ्या वर्षी फ्रॉक गुडघ्यांच्या पार वर गेला. आत्याने घेर उलटा करून बोटांनी चाचपला. आत काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, ती हसेल. तिने कपाळावर हात मारला.

“चारच बोटं! देणारा एवढा मोठा, आणि मी मेली चारच बोटं ठेवून बसले.”