कावळी कोणती?

वर्ध्याला गाडीतून उतरलो तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. गिरडहून आलेल्या कावळीच्या पाल्याचा अर्क आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत सशांना दिला, तर त्यांच्या रक्तातली साखर उतरली. तिथूनच आलेल्या दुसऱ्या भाऱ्याने मात्र काहीच होईना. नाशिकला माझ्या वडिलांना, नानांना, मधुमेह. त्यांचे सारे लक्ष या पाल्याकडे. तेव्हा खरी कावळी शोधायला मीच निघालो. तिची खूण सोपी आहे. पाने चघळली की काही वेळ गोड खाल्ले तरी गोड लागत नाही.

समुद्रपूरपर्यंत मोटार, पुढे रेंगी (हलकी बैलगाडी). टेकडीवरचा दर्गा दिसेपर्यंत हाडे खिळखिळी झाली. पाला पाठवणारे दौलतराव अंगणात वेल घेऊनच उभे होते.

"हे पाहा जी, टेकडीवरची कावळी."

"काईबी सांगून राह्यले!" त्यांची बायको अनसूयाबाई आतून म्हणाली. "माह्या माहेरी, आष्टीले, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) वेलाले कावळी म्हणतेत."

"पहिला भारा कोणी तोडला होता?"

"म्या!" दोघेही एकदम म्हणाले.

झाले! चहा येईपर्यंत मी दौलतरावांचे पान चघळू लागलो. अनसूयाबाई कशी मागे राहील? तिनेही आपले पान हातावर ठेवले. माहेरचा मान, तेही चघळले. चहा अगदी फिका लागला. पण कोणत्या पानाने?

माझे तोंड पाहून ती ओशाळली. "काऊन जी, गूळ कमी पडला का? चांगला मूठभर टाकला न!"

रेंगी परत निघाली होती. दोघांच्याही वेलांचा एकेक भारा घेतला. वाटेत पोट असे बिघडले की चवीचा भरवसाच उरला नाही.

नाशिकला टांग्यात बसल्यावर फक्त टेकडीचे पान चघळले. घरी आईने चहा दिला. फिका!

"नाना, सापडली! टेकडीवरचीच!" मी ओरडलो. नानांचा चेहरा उजळला.

आई गोंधळली. "अरे, साखर घातलीच नाही मी. यांच्यादेखत आपण गोड कसं प्यायचं? घरात साखर आणणंच सोडलंय."

म्हणजे परीक्षा फुकटच गेली! हसावे की रडावे कळेना.

"शेजारून चिमूटभर मागून आणू का?" आईने विचारले.

"आण," नाना म्हणाले, "पण आधी मला दे. मी पान खाल्लेलं नाही. साखर गोड आहे की नाही, ते कुणीतरी बघायला हवं ना?"