अक्का आणि ‘अ‍ॅरे’

डांबरगोळ्यांचा वास आला, की कल्याणच्या खोलीतली ती सकाळ आठवते. अक्काला पाहायला पाहुणे येणार होते. आई तिला ठेवणीतलं पातळ नेसवत होती. मी मॅट्रिकच्या अभ्यासासाठी इंग्रजी शब्दकोश वाचत होतो.

“‘अ‍ॅरे’ म्हणजे सैन्याची शिस्तबद्ध मांडणी,” मी म्हणालो. “नटणंसुद्धा. जुन्या फ्रेंचमधला शब्द, मूळ अर्थ तयार करणं.”

“म्हणजे आपलं ‘सज्ज’च की! सैन्य सज्ज, नवरी सज्ज,” सातवीनंतर शाळा सुटलेली अक्का चटकन म्हणाली. “अजून एक सांग ना रे!”

“हलू नकोस गं, निऱ्या सुटतील,” आई ओरडली.

पाहुण्यांनी स्वयंपाकाचं तेवढं विचारलं. लग्न ठरलं. मी आनंदाने आळीभर पेढे वाटले. घरातली पहिली पदवीधर ती झाली असती, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.